निघत्या गाडीला बोलू नये

आमच्या यार्डात माणसाला शिवी चालायची, गाडीला चालत नसे. निघत्या गाडीसमोर तर साधं 'नाही' म्हणायचीसुद्धा चोरी होती.

पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण घातलेलं ते यार्ड एका वाहतूक ठेकेदाराचं होतं. पन्नासनंतरची ती वर्षं. आसपास कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या यंत्रांच्या पेट्या मुंबईच्या गोदीतून आणायचं काम आमच्या लॉऱ्यांकडे होतं. जाताना रिकामं कशाला जायचं, म्हणून चाकणच्या बाजारातले बटाटे भरून त्या घाट उतरायच्या. लॉऱ्या सगळ्या लष्कराच्या, लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या. ठेकेदारानं वरून निळा रंग मारला होता, पण दारांच्या कडांतून खालचा हिरवा डोकावायचाच.

मी तिथं चेकर होतो. म्हणजे गाडी निघण्याआधी तिची तपासणी करून एक छापील इंग्रजी कागद भरायचा: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, हॉर्न, काच. प्रत्येकापुढे शेरा लिहायचा, खाली ड्रायव्हरची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. मॅट्रिक झालो होतो आणि त्याआधी भोसरीत एका गॅरेजात हात काळे केले होते. पण खरं सांगायचं तर नोकरी मिळाली ती दाजींच्या शब्दावर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. त्या यार्डातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. चाकणच्या पलीकडच्या खेड्यातले, आडव्या हाडाचे, कमी बोलणारे. मला ते सगळ्यांदेखत 'पाव्हणं' म्हणायचे आणि माझ्या पॅन्टच्या इस्त्रीकडे बघून हसायचे.

तर ती चाल. सकाळी गाडी निघताना पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फिरवायचा, ड्रायव्हर पाया पडून वर चढायचा. एकदा तो चढला की कुणी वाईट बोलायचं नाही. टायर गुळगुळीत झालाय, दिवा लागत नाही, असलं काही तोंडातून काढायचं नाही. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो'च म्हणतो. तसंच हे, फक्त घाटाच्या रस्त्यावर पोट असणाऱ्यांनी ते जास्त कडक केलेलं.

शिकलेला माणूस ह्याला अडाणीपणा म्हणेल. पण ह्या लोकांनी त्यावर आपली सोय काढली होती. संध्याकाळी गाडी यार्डात आली की ड्रायव्हर खाली उतरून बॉनेटवर थाप मारायचा आणि मग जी काही गाऱ्हाणी असतील ती मोकळ्या गळ्यानं सांगायचा. "स्टेरिंग खेळतंय." "डाव्या अंगाला वढतीय." "हिच्या आयला, फॅनचा पट्टा चाललाय." परत आलेल्या गाडीला काही बोला, तिला लागत नाही. मी उभ्या उभ्या कागदावर उतरवून घ्यायचो, मिस्त्री तो कागद स्टोअरमध्ये दाखवून सामान घ्यायचा आणि दुरुस्ती करायचा. सकाळी मी एकदा हात फिरवून बघायचो, 'ऑलराइट' लिहायचो आणि अंगठा घ्यायचो. मी त्या खुर्चीत बसल्यापासून आमची एकही लॉरी रस्त्यात उभी राहिली नव्हती.

मग साहेब आले.

ठेकेदारानं नेमलेले यार्डाचे नवे मॅनेजर, पुण्याचे होते. अंगानं किरकोळ, कपडे स्वच्छ, आवाज असा मऊ की शिवी दिली तरी माणसानं 'आभारी आहे' म्हणावं. टेबलावर अडकित्ता ठेवायचे आणि कुणी काही सांगत असलं की सुपारी कातरत ऐकायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे कागद मागवले.

"हे आदल्या दिवशीचं दिसतंय," ते म्हणाले. "निघण्यापूर्वीचा अहवाल म्हणजे निघण्यापूर्वीचा. संध्याकाळचा कसा चालेल?"

मी त्यांना सगळी चाल समजावून सांगितली. लिंबू, 'येतो', बॉनेटवरची थाप, सगळं. ते मान डोलावत होते. मला वाटलं, माणूस समजदार आहे.

"म्हणजे ड्रायव्हर एकदा वर बसला की गाडीत दोष आहे असं म्हणणारच नाही?"

"मेला तरी म्हणणार नाही, साहेब."

"छान," म्हणाले आणि सुपारीची एक कातरण जिभेवर ठेवली. "मग उद्यापासून अहवाल सकाळीच. ड्रायव्हर सीटवर बसल्यावर, माझ्यासमोर. तो जे सांगेल तेच लिहायचं. आणि स्टोअरनं सामान द्यायचं ते फक्त ह्या सकाळच्या कागदावर."

ह्याला म्हणतात केसानं गळा कापणं. दुसऱ्या दिवशीपासून आमच्या सगळ्या गाड्या कागदावर नव्याकोऱ्या झाल्या. साहेब खाली उभे राहून विचारायचे, "ब्रेक?" वरून उत्तर यायचं, "ठीक हाय." "टायर?" "ठीक हाय." संध्याकाळी थापा पडतच होत्या, गाऱ्हाणी चालूच होती, पण ती ऐकून मिस्त्री हात झाडायचा. "कागदावर कुठाय? कागदावर न्हाई तर स्टोअर मला वायसरसुदीक देईना." दुरुस्तीचा खर्च खाली आला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ठेकेदार खूश, आणि ठेकेदार खूश म्हणून साहेबांना बसायला नवी खुर्ची.

महिनाभर सगळ्यांनी तारेनं बांधून, चिंध्या गुंडाळून, देवाचं नाव घेऊन रेटलं. मग दाजींच्या गाडीचा ब्रेक गेला. गेला म्हणजे एकदम गेला नाही. पायडल पहिल्यांदा दाबलं की तळाला जायचं, दोनतीनदा हापसलं की कुठं जरासं धरायचं. दाजी घाट पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं उतरवत होते. घरी आले की त्यांचा उजवा पाय थरथरायचा. मी कासारवाडीला त्यांच्याकडेच राहायचो, त्यामुळं जेवताना पाटावर तो पाय मला दिसायचा.

"दाजी, सकाळी सांगून टाका की," मी म्हणालो.

आक्का भाकरी थापता थापता थांबली. "घरात असलं बोलू नगंस. उद्या गाडीवर जायाचंय त्येनला."

"मग कधी बोलायचं? मेल्यावर?"

तिनं पिठाचा हात माझ्या तोंडासमोर आणला. मारणारच होती.

सकाळी मी माझ्या अकलेनं ब्रेकपुढे 'नादुरुस्त' लिहिलं. साहेबांनी वाचलं. रागावले अजिबात नाहीत. कागद हातात धरून गाडीजवळ गेले. लिंबू चाकाखाली होतं, दाजी वर बसले होते, इंजिन सुरू होतं, बाकीचे ड्रायव्हर भोवती उभे होते.

"काय रे, ब्रेक कसा आहे?"

दाजींनी समोर काचेतून बघितलं. "ठीक हाय."

साहेब माझ्याकडे वळले. "अहो, गाडी हा चालवतो की तुम्ही?" सगळे हसले, कारण साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. कागदाचे चार तुकडे करून त्यांनी ते माझ्याच खिशात नीट ठेवले आणि मला दुसरा भरायला लावला. दाजींनी अंगठा दिला. अंगठा देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मला साहेबांपेक्षा दाजींचाच जास्त राग आला होता, हे मी लपवत नाही.

संध्याकाळी ते सुखरूप आले. मी त्यांना यार्डाच्या मागे गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, तुमच्या 'ठीक हाय'पायी आक्काचं कुंकू पुसलं जाईल, तेव्हा लिंबाचं सरबत करून पिऊ आपण. वयानं लहान असून बोललो. आजही तसंच बोलेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी नेहमीप्रमाणे पाया पडले, वर चढले आणि थोडा वेळ बसून राहिले. साहेबांनी "ब्रेक?" विचारलं. दाजी दार उघडून खाली उतरले, साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"सायेब, ब्रेक धरत न्हाई."

एक ड्रायव्हर थुंकला. दोघं पाठ फिरवून नळाकडे गेले, कान धुवायला गेल्यासारखे. गाडीच्या क्लीनरनं, चांगल्या दाढीमिशा आलेल्या बाप्यानं, हातातला नारळ पोटाशी धरला.

"लिहा," साहेब मला म्हणाले. मी लिहिलं. खाली आनंदानं दोन रेघा ओढल्या.

मग साहेब बाकीच्यांकडे वळले. "हा उतरला. बटाटे मुंबईच्या बाजारात पोचले पाहिजेत. गाडी कोण नेतो?"

कुणी पुढे येईना. ब्रेकला घाबरून नव्हे. तसले ब्रेक सगळ्यांचेच होत आले होते. त्या गाडीला निघताना 'न्हाई' म्हटलं गेलं होतं, म्हणून. शेवटी एक जण पुढे आला. मराठवाड्यातला पोरगेलासा ड्रायव्हर, नुकतंच लग्न झालेलं, नोकरी अजून पक्की व्हायची होती. पिंपरी गावात एका खोलीत बिऱ्हाड केलं होतं.

"मी नेतो की साहेब. काई होत नाही."

"गाडी कशी आहे?"

"एकदम ठीक आहे."

"लिहा," साहेब म्हणाले. मी पेन खिशाला लावलं आणि हात मागे बांधले. साहेबांनी माझ्याकडे मायेनं बघितलं आणि दुसरा कागद स्वतः भरून त्या पोराचा अंगठा घेतला. अक्षर त्यांचं माझ्यापेक्षा सुंदर होतं.

तो वर चढला तसे दाजी त्याच्या खिडकीशी गेले. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "हे बघ भावा, घाटाच्या तोंडालाच पैल्या गिअरात टाक. पायडल एकदा दाबून भागत न्हाई, आधी हापसून ठेव..."

त्या पोरानं दोन्ही हात कानांवर ठेवले. हसतच ठेवले. "काका, आता निघताना नका ना बोलू. पाया पडतो."

"आरं, ऐक तरी..."

"आल्यावर सांगा की. आल्यावर सगळं ऐकतो."

गाडी फाटकातून बाहेर पडली. दाजी धुरात उभे राहिले, हात वर धरून.

दुपार कलताना बातमी आली. घाट उतरताना खालच्या वळणावर गाडी सरळ गेली होती. क्लीनर उडी मारून वाचला. ड्रायव्हर बटाट्यांखाली सापडला.

क्लीनर हात गळ्यात बांधून आला तेव्हा सगळं यार्ड त्याच्याभोवती जमलं. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, पायडल तळाला गेलं आणि वर आलंच नाही. दोन, लोणावळ्यापासनं तो पोरगा सारखा म्हणत होता की निघताना अपशकुन झाला, जीव लागत नाही आज. दोन्ही मी माझ्या कानानं ऐकल्या. यार्डानं ऐकली ती दुसरीच.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. इथं फांदी कुजकी होती, आणि ती कुजकी आहे असं ओरडून सांगणाऱ्यालाच लोकांनी कावळा ठरवलं.

पोलिसांकडून एक फौजदार चौकशीला आला. मला वाटलं होतं, साहेब पहिला कागद गिळतील, जाळतील, काहीतरी करतील. छे! त्यांनी दोन्ही कागद आपल्या हातानं फौजदारापुढे ठेवले, शेजारी शेजारी, आणि चहा मागवला.

"आमच्या एका जुन्या ड्रायव्हरला गाडी न्यायची नव्हती," ते म्हणाले. "तो ऐन निघताना असं असं बोलला. आता तुम्हाला माहीतच आहे, ह्या लोकांत ह्या गोष्टी किती मानतात. दुसऱ्यानं गाडी ठीक असल्याचं सांगितलं, हा पाहा त्याचा अंगठा. पण पोरगा मनातून खचला असणार. माझा स्वतःचा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण त्यांचा असतो."

फौजदारानं मान हलवली. "मनावर परिणाम होतोच."

"ब्रेक खराब होता!" मी मध्येच ओरडलो. "मी स्वतः दाबून बघितलाय!"

फौजदार बशीतून चहा पीत म्हणाला, "ब्रेक नसता तर गाडी इथून खंडाळ्यापर्यंत गेली कशी?"

अगदी वकिलालाही पटेल असा प्रश्न होता. पुढच्या आठवड्यात स्टोअरमध्ये नव्या लायनरच्या पेट्या आल्या आणि सगळ्या गाड्यांचे ब्रेक बदलले गेले. कुणीही, कुठल्याही कागदावर मागितले नव्हते.

साहेबांनी दाजींना काढलं नाही. "मी कुणाच्या पोटावर पाय देत नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले. गाडी मात्र काढून घेतली आणि हवा भरायच्या, गाड्या धुवायच्या कामाला लावलं. ड्रायव्हरांनी आपली एक मागणी घातली, तीही साहेबांनी उदार मनानं मान्य केली: सकाळी गाड्या निघेपर्यंत दाजींनी गोदामाच्या मागे जाऊन थांबायचं. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली की कुणीतरी हाक मारायचं, मग ते पुढे यायचे. ज्यांना त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं, ते त्यांच्या कपातला चहा पिईनात. मी त्यांच्याशी भांडलो, एकाची तर गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "राव, सोडा. माझ्या घरी लेकरं हायती."

कासारवाडीत नळावर बायका आक्काला जागा देऊन बाजूला व्हायच्या. इतकी अदब बरी नसते. ती घरी येऊन हंडा आदळायची आणि दाजींना सुनवायची. "जिभंला हाड न्हाई तुमच्या. येवढी वरसं गाडी चालवली, कदी बोलला न्हाई, आन् तवाच बोलायचं सुचलं?" दाजी भिंतीला टेकून बसायचे. मी मध्ये पडलो की ती माझ्यावर फिरायची. सख्खी बहीण, पाठीवर घेऊन वाढवलेलं तिनं मला. पण त्या दिवसांत तिचा आवाज आला की माझ्या कपाळात तिडीक उठायची.

मग कळलं की त्या पोराच्या बायकोला न्यायला तिचा भाऊ आलाय. आक्कानं ठरवलं, ती गावी जायच्या आत तिच्या पायावर दाजींना घालायचं. तिनं माफ केलं तर लोकांची तोंडं बंद होतील, दाजींना परत कुठंतरी गाडी मिळेल. मी म्हणालो, कसली माफी? गाडीवरनं उतरून खरं बोलल्याची? आक्का म्हणाली, "तू येऊ नगंस मग." मी गेलोच.

पिंपरी गावातली ती खोली. ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. ती मुलगी, बाई म्हणवत नव्हतं इतकी लहान, खाली जमिनीवर बसली होती. भाऊ बाजूला उभा होता. आक्कानं बाजरीची पिशवी आणि गुळाची ढेप पुढे ठेवली आणि रडायलाच लागली. "ह्यांच्या तोंडून गेलं बाई. पदरात घे. पोटात घाल."

दाजी पुढे झाले. डोक्याचं पागोटं काढून त्यांनी हातात घेतलं आणि त्या पोरीपुढे वाकले. तिच्या बापाच्या वयाचे होते.

"ब्रेक खराब होता," मी दारातून म्हणालो. "तुझ्या नवऱ्याला हे सांगत होते, घाट कसा उतरायचा ते. त्यानं ऐकून घेतलं नाही. ज्यानं गाडी धाडली तो तिकडं खुर्चीत बसलाय..."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. "साहेब येऊन गेले काल," ती म्हणाली. "चांगले आहेत. आमच्या तिकिटाचं त्यांनीच केलं." मग दाजींना म्हणाली, "उठा काका. माझ्या मनात काई नाही. माझ्या नशिबात होतं, तुमच्या तोंडून निघालं. फकत परत कुणाला असं बोलू नका."

"न्हाई बोलायचो," दाजी म्हणाले.

आक्काचा चेहरा उजळला. महिनाभरात पहिल्यांदा. तिनं त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि आम्ही निघालो. रेल्वेच्या कडेकडेनं कासारवाडीला चालत आलो. आक्का पुढे झपाझप, मागे आम्ही दोघं. माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. मी दाजींना म्हणालो, "तुम्ही वाकलात कशाला? तुमच्या पायाला कळत होतं ना, ब्रेक गेलाय ते?"

दाजी चालता चालता थांबले. उजव्या पायाकडे बघितलं.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "तसा येवढाबी गेला नव्हता त्यो. जरा धरत व्हता. म्या उगंच बोललो."

आक्कानं ते ऐकलं. मागे वळून ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बघ, आलं का न्हाई ध्यानात त्येंच्या?"